रिकाम्या खुर्चीचा जाब कोणी द्यावा?

जून महिन्यातील दुसऱ्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर मी शाळेच्या व्हरांड्यातून इयत्ता तिसरीच्या धर्मशिक्षणाच्या वर्गापाशी गेलो. वर्गात एकतीस मुले होती. फळ्यावर कोणीतरी मोठ्या अक्षरांत तारीख लिहून ठेवली होती. खुर्ची मात्र रिकामी होती. मुले काही दुःखी नव्हती. ज्या वर्गात शिक्षक नाहीत त्या वर्गासारखा आनंदी वर्ग पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसतो. मला पाहून एका मुलाने विचारले, “फादर, आज पण सोडणार का?” त्या ‘पण’ने माझा रविवार नासवला.

त्याआधीचे तीन रविवार मी वेदीवरून आवाहन करीत होतो. तेवढ्या अवधीत दोन नावे आली. पहिले अशा भगिनीचे, ज्या आधीच दोन वर्ग सांभाळतात. दुसरे अकरावीतील एका मुलीचे. तिला आईने पाठविले होते आणि पहिली चाचणी परीक्षा आली की ती येणार नाही, हे तिच्या चेहऱ्यावरच लिहिलेले होते. वसई परिसरातील आमचा धर्मग्राम काही लहान नाही. सणाच्या मंडपासाठी येथे साठ तरुण मिळतात, नाताळचा गोठा उभारण्यासाठी रात्र रात्र जागणारे मिळतात, क्रिकेटच्या सामन्यांना पंच मिळतात आणि न मागता समालोचकही मिळतात. एकतीस मुलांना क्रुसाची खूण नीट करायला शिकविणारे मात्र कोणी मिळत नाही.

एवढे वाचून काही वाचक मनात म्हणाले असतील, झाले, फादर आता लोकांना फैलावर घेणार! माझाही पहिला विचार तोच होता. त्या रविवारी दुपारी मी एक जळजळीत प्रवचन लिहून काढले. त्यात लग्नाच्या हळदी होत्या, मोबाईल होते, सहली होत्या, सारे काही होते. ते प्रवचन मी दिले नाही. का दिले नाही, हे या लेखात सांगावयाचे आहे. सांगताना काहींची नाराजी ओढवणार, आणि त्यांत माझे धर्मगुरू बंधूही असणार, याची मला कल्पना आहे.

प्रथम आपली ती नेहमीची सूचना घ्या. जवळजवळ प्रत्येक धर्मग्रामात ती दरवर्षी त्याच शब्दांत वाचली जाते: धर्मशिक्षणाच्या वर्गांसाठी शिक्षकांची गरज आहे; ज्यांना सवड असेल त्यांनी कृपया कार्यालयात नावे द्यावीत. मी स्वतः ती पंचवीसहून अधिक वर्षे वाचीत आलो आहे. आता तिच्याकडे जरा परक्याच्या नजरेने पाहा. ‘ज्यांना सवड असेल’ म्हणजे ज्यांना दुसरे महत्त्वाचे काम नाही. आपल्या समाजात सवड असलेला माणूस म्हणून स्वतःची नोंद करून घ्यायला कोणाला आवडेल? ‘ज्यांनी’ म्हणजे कोणी? हजार माणसे बसलेल्या मंदिरात ‘ज्यांनी’ म्हटले की प्रत्येक जण शेजाऱ्याकडे पाहतो. आणि ‘कार्यालयात’! ज्या कार्यालयात आपण दाखल्यासाठी, कबरीच्या शुल्कासाठी आणि लग्नाच्या तारखेसाठी जातो, तेथे जाऊन माणसाने म्हणायचे की मी मुलांना देवाविषयी सांगू इच्छितो. ही सूचना ऐकून कोणी पुढे येत नाही, याचे आश्चर्य वाटण्यापेक्षा दोन जणी आल्या याचेच आश्चर्य वाटायला हवे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. लोक आळशी आहेत म्हणून खुर्ची रिकामी राहते, हा आम्हा धर्मगुरूंनी स्वतःच्या सोयीसाठी करून घेतलेला समज आहे. लोक भितात. ती भीती आम्ही कधी विचारली नाही, आणि तिच्यावर उपाय करण्याऐवजी आम्ही तिला ‘अनास्था’ हे नाव देऊन टाकले.

‘वेळ नाही’ हे कारण आधी हातावेगळे करतो. आमच्याकडे धर्मशिक्षणाचे वर्ष जूनपासून मार्चपर्यंत चालते. सुट्ट्या, परीक्षा आणि सण वगळता छत्तीस रविवार हाती लागतात. तास चाळीस मिनिटांचा. म्हणजे चोवीस तास. एका मुलाला वर्षभरात धर्मशिक्षणासाठी आपण जे देतो ते एक दिवस आणि एक रात्र, आणि पहिलीपासून दहावीपर्यंतचा हिशेब केला तर दहा दिवस. पोप संत दहावे पायस यांनी १५ एप्रिल १९०५ च्या परिपत्रकात प्रत्येक रविवारी आणि सणाच्या दिवशी मुलांसाठी एक तासाचा नियम घालून दिला होता. आम्ही त्यातलीही वीस मिनिटे खाल्ली. तेव्हा वेळेचा प्रश्न काढणाऱ्यांपुढे हा हिशेब जरूर ठेवावा. पण तो ठेवूनही माणसे येत नाहीत. मी ठेवून पाहिला आहे. सहा दिवस पहाटेची विरार लोकल पकडणाऱ्या माणसाला रविवारी अंथरुणातून अंग उचलवत नाही, हेही मी पाहतो आणि त्याला मी दोष देत नाही. तरीही तोच माणूस रविवारी सकाळी नऊ वाजता मुलाला फुटबॉलच्या सरावाला घेऊन जातो आणि मैदानाच्या कडेला दीड तास उभा राहतो. तेथे त्याला कोणी प्रश्न विचारीत नाही, एवढाच फरक आहे.

आमच्या धर्मग्राम परिषदेत हा विषय निघाला तेव्हा तीन उपाय सुचविले गेले. ते सर्वत्र सुचविले जातात, म्हणून त्यांचा समाचार घेणे भाग आहे.

पहिला उपाय : सिस्टरांकडे सोपवा. ही सूचना करणाऱ्या सद्गृहस्थांना मी आमच्या कॉन्व्हेंटमध्ये किती भगिनी आहेत असे विचारले. त्यांनी पाच असे उत्तर दिले. आज तेथे दोन आहेत, आणि त्यांतल्या एकीचे गुडघे जिना चढू देत नाहीत. बाकीच्या तिघी त्यांना केव्हा दिसल्या होत्या, देव जाणे. आणि हेच गृहस्थ, मुलीने व्रतस्थ होण्याची इच्छा बोलून दाखविली असती तर काय म्हणाले असते, हे मी विचारले नाही.

दुसरा उपाय : मानधन द्या. मानधन हे पाप नव्हे. संत फ्रान्सिस झेवियर यांनी मोत्यांच्या किनाऱ्यावरील गावागावांत जे धर्मशिक्षक नेमले, त्यांच्या वेतनाची तजवीजही त्यांनी केली होती. पण ती माणसे गावाच्या श्रद्धेचा सारा भार वाहणारी होती. आपण चाळीस मिनिटांना दर लावला, तर तो तास शिकवणी वर्गांच्या पंक्तीला जाऊन बसेल आणि तेथे त्याचा दर सर्वांत कमी ठरेल. शिक्षकांचा खर्च मात्र धर्मग्रामाने सोसलाच पाहिजे. चित्रांच्या झेरॉक्स स्वतःच्या पर्समधून काढणाऱ्या भगिनी मला ठाऊक आहेत. ती आमची लाज आहे.

तिसरा उपाय सर्वांत जोराने मांडला गेला : सक्ती करा. ज्या घरातून कोणी शिकवायला येणार नाही त्या घरच्या मुलाला प्रथम ख्रिस्तप्रसाद देऊ नका. टाळ्या पडल्या. मला येथे कडक शब्द वापरावे लागतील. प्रौढांच्या कुचराईची शिक्षा मुलाला देण्याचा अधिकार कोणत्याही परिषदेला नाही आणि मलाही नाही. १९१० साली त्याच दहाव्या पायस यांनी विचारशक्ती जागी झालेल्या सातेक वर्षांच्या मुलांना ख्रिस्तप्रसादापासून दूर ठेवणाऱ्या रूढी मोडून काढल्या. आपण शंभराहून अधिक वर्षांनी नव्या रूढीने तीच भिंत बांधायची काय? मार्कच्या शुभवर्तमानात मुलांना प्रभूकडे आणणाऱ्यांना शिष्य दटावतात, आणि प्रभू रागावतो तो शिष्यांवर. टाळ्या वाजविणाऱ्यांनी तो दहावा अध्याय घरी जाऊन वाचावा.

परिषदेची सभा अशी गेली. मग जुलैच्या पावसात मी छत्री घेऊन घरे फिरू लागलो. ‘शिकवाल का’ असे न विचारता, ‘आजवर नाव का दिले नाही’ एवढेच विचारायचे ठरविले. पहिले उत्तर सगळीकडे वेळेचेच मिळे. मी चहा संपेपर्यंत थांबत असे. दुसरे उत्तर चहानंतर येई.

एका घरी निवृत्त शिक्षिका आहेत. छत्तीस वर्षे जिल्हा परिषदेच्या शाळेत त्यांनी पहिलीच्या मुलांना हाताला धरून अक्षरे गिरवायला लावली. मी म्हटले, “बाई, तुम्ही तरी यायला हवे होते.” त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “फादर, ही मुले इंग्रजीत विचारतात. मला कळते, पण तोंडातून शब्द निघत नाही. माझा नातू त्याच वर्गात आहे. त्याच्यासमोर हसे झाले तर?” वाचकहो, हे उत्तर आपण सर्वांनी मिळून तयार केलेले आहे. आपल्या घरात सामवेदी किंवा वाडवळी बोलणारी आजी आहे, मराठीतून जपमाळ सांगणारी आई आहे, आणि इंग्रजी माध्यमातील मुलगा आहे, ज्याला मराठी धर्मशिक्षणाचे पुस्तक वाचता येत नाही. आपण माध्यम बदलले, ते पोटासाठी बदलले, त्यावर मला येथे भांडायचे नाही. पण त्या बदलात ज्यांच्याकडे श्रद्धेचे शब्द होते त्यांना आपण मुकाट केले. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाने १६१६ साली मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले. त्यांची कोकणीतील प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, रायतूरला छापली गेली. परक्या देशातून आलेल्या माणसाला आपल्या भाषेत देव सांगता आला, आणि आपल्याच गावची बाई नातवासमोर आपल्या भाषेत बोलायला लाजते! मी त्यांना म्हटले, “तुम्ही मराठीत सांगा. मुले इंग्रजीत विचारतील, तर शेजारी कोणीतरी उभे राहील आणि अर्थ सांगेल.” त्या म्हणाल्या, “असे चालते?” हे आम्ही त्यांना कधी सांगितलेच नव्हते.

केळीची वाडी करणारे एक गृहस्थ आहेत. “मी नववी नापास, फादर. मला काय येते?” २०१८ च्या जुलैमध्ये वसईत पाणी भरले, वीज गेली, तेव्हा हा माणूस दोन दिवस कमरेइतक्या पाण्यातून दूध आणि पाव घेऊन ज्या वस्तीत फिरला तेथे आपल्या धर्माचे एकही घर नव्हते. चांगल्या शोमरोन्याचा दाखला वर्गात शिकविण्यासाठी मी याच्याहून अधिक शिकलेला माणूस कोठून आणू?

तिसऱ्या घरातील उत्तराने मला झोप लागली नाही. एका तरुण आईचा संसार मोडला आहे. नवरा सोडून गेला, ती मुलाला घेऊन माहेरी राहते, नोकरी करते, रविवारची मिस्सा चुकवीत नाही. ती म्हणाली, “आमच्यासारख्यांनी शिकवायचे म्हणजे लोक बोलतील.” धर्मशिक्षक चारित्र्यवान असावा, असे आपण म्हणतो आणि ते योग्यच आहे. पण टाकून दिलेल्या स्त्रीकडे चारित्र्य नाही, असे तिला कोणी शिकविले? तिच्या शेजारच्या बाकावर बसणाऱ्या आपणच शिकविले. तिच्या मार्गात ख्रिस्तसभेच्या कायद्याची कसलीही आडकाठी नाही. आडकाठी आहे ती आपल्या नजरेची.

आणि ज्यांना वाटते की पालकांना खरोखरच काही येत नाही, त्यांना २०२० सालची आठवण देतो. टाळेबंदीत वर्ग मोबाईलवर भरले. मी अधूनमधून ऐकत असे. शिक्षिका विचारी, संस्कार किती? मुलगा पडद्याकडे पाहून गप्प. मग पडद्याबाहेरून दबक्या आवाजात उत्तर येई, “सात, सात म्हण!” कधी आईचा आवाज, कधी आजीचा, एकदा तर स्वयंपाकघरातून पित्याचा. सारा धर्मग्राम धर्मशिक्षण देत होता, फक्त कॅमेऱ्यासमोर यायला तयार नव्हता.

पवित्र शास्त्रात देवाने बोलाविलेली बरीच माणसे आधी ‘मला जमणार नाही’ असेच म्हणतात. यिर्मया म्हणतो, मी लहान आहे. योना तर उलट्या दिशेचे जहाज पकडतो. मोशेचे प्रकरण सर्वांत बोलके आहे. जळत्या झुडपासमोर तो एकामागून एक सबबी काढतो : मी कोण? ते मला काय विचारतील? ते विश्वास ठेवणार नाहीत. मला बोलता येत नाही. शेवटी तर सरळच म्हणतो, दुसऱ्या कोणाला तरी पाठव. देव त्याला ‘तुला सवड असेल तर’ असे म्हणत नाही, आणि त्याच्या वक्तृत्वाची खोटी स्तुतीही करीत नाही. देव रागावतो खरा, पण त्या रागातही त्याला अहरोन देतो. बोलणारा भाऊ सोबतीला देतो. आमच्या साऱ्या आवाहनांत हा अहरोनच कोठे दिसत नाही. आम्ही एकट्या माणसाला चाळीस मुलांपुढे उभे करतो, हातात पुस्तक देतो आणि दार ओढून घेतो.

मला स्वतःला प्रथम ख्रिस्तप्रसादासाठी ज्यांनी तयार केले, त्या आमच्या गावच्या आत्या चौथीपर्यंत शिकलेल्या होत्या. तांबडे लुगडे नेसून, बाजारात भाजी विकून, पायांची माती तशीच असताना त्या वर्गावर येत. एकदा मी विचारले की देवाला सगळे आधीच ठाऊक असते, तर मग त्याने अब्राहामाची परीक्षा कशाला घेतली? मला वाटले होते, आता चापट बसणार. त्या म्हणाल्या, “मला ठाऊक नाही रे. फादरांना विचारून सांगते.” पुढच्या रविवारी मी विसरलो होतो, त्या विसरल्या नव्हत्या. त्यांनी सांगितले, “फादर म्हणाले, परीक्षा देवाला कळावे म्हणून नव्हती, अब्राहामाला कळावे म्हणून होती. पण मला अजून नीट पटले नाही. तू मोठा होऊन विचार कर.” पुढे सेमिनरीत मी याच प्रश्नावर जाड जाड ग्रंथ वाचले. त्या उत्तरापलीकडे फारसा गेलो, असे प्रामाणिकपणे म्हणवत नाही. मुलांच्या प्रश्नांना भिणाऱ्या प्रत्येक पालकाला मी हेच सांगतो : ‘मला ठाऊक नाही, विचारून सांगते’ हे वर्गात देण्यासारखे उत्तर आहे. अट एवढीच की पुढच्या रविवारी खरोखर विचारून यावे.

आता आम्हा धर्मगुरूंकडे वळतो. १९८३ च्या धर्मनियमसंहितेतील कलम ७७४ मुलांच्या श्रद्धाशिक्षणाचे कर्तव्य सर्वांआधी आईवडिलांवर ठेवते, हे आम्ही प्रवचनात आनंदाने सांगतो. ७७६ वे कलम तेच काम धर्मग्रामाच्या प्रमुखावर सोपविते, त्याबद्दल आम्ही जरा हळू बोलतो. मोशेला त्याचा सासरा इथ्रो याने सांगितले होते की तू एकट्याने सारा न्यायनिवाडा करीत बसलास तर तूही झिजशील आणि लोकही. दहादहा माणसांवर एक नेम. आम्ही आर्थिक समिती नेमतो, बांधकाम समिती नेमतो, सणाची समिती तर चार महिने आधी नेमतो. धर्मशिक्षकांची सभा मात्र वर्षातून एकदा, जूनच्या पहिल्या आठवड्यात, नवी पुस्तके आली नाहीत हे सांगण्यासाठी होते. प्रशिक्षण नाही, कोणता धडा कसा घ्यावा याची चर्चा नाही. स्नेहसंमेलनाच्या पताका लावायच्या असल्या की त्यांची आठवण होते.

आणखी एक गोष्ट आहे, जी मला घरोघरी ऐकावी लागली. एकदा नाव दिले की सुटका नाही! आमच्याकडे एक भगिनी बावीस वर्षे शिकवीत आहेत. त्यांनी सहा वेळा निरोप मागितला, सहाही वेळा आम्ही ‘यंदा एवढे वर्ष’ म्हणून त्यांना थांबविले. त्यांचे उदाहरण पाहून दुसऱ्या कोणाला धीर होईल? जन्मठेपेला कोणी आपण होऊन नाव नोंदवीत नाही. यंदापासून आम्ही नेमणूक दोन वर्षांची ठेवली आहे. मुदत संपली की आभार मानून, नाव घेऊन, वेदीसमोर निरोप. पुन्हा यायचे असेल तर माणूस आपण होऊन येईल.

दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी १० मे २०२१ रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला ख्रिस्तसभेत अधिकृत स्थान दिले. ही दीक्षा रविवारचा वर्ग घेणाऱ्या प्रत्येकाला दिली जाते असे नाही. तरीही त्यामागचा अर्थ आमच्या कार्यालयांपर्यंत पोहोचायला हवा होता. हे काम फादरांना मदत म्हणून करावयाचे नसून बाप्तिस्म्याने मिळालेल्या हक्काने करावयाचे आहे. बाप्तिस्म्याच्या विधीत आपण आईवडिलांना विचारतो की या बालकाला श्रद्धेत वाढविण्याची जबाबदारी तुम्हांला समजली आहे ना. धर्ममातापित्यांना विचारतो की त्यांना साहाय्य कराल ना. दोघेही होकार देतात. त्यानंतर फोटो निघतात, जेवण होते, आणि धर्मपित्याची गाठ एकदम लग्नाच्या मांडवात पडते. आमच्या तिसरीच्या वर्गातील एकतीस मुलांचे बासष्ट धर्ममातापिता कोठेतरी आहेत. मी नोंदवही काढून पाहिली; त्यांतले निम्म्याहून अधिक याच धर्मग्रामात राहतात.

आपला संत गोन्सालो गार्सिया धर्मगुरू नव्हता. वसईचा हा मुलगा जपानला गेला, ती भाषा बोलू लागला, आणि दीक्षित झाला तोही साधा बंधू म्हणून; इतरांच्या प्रवचनांचा दुभाषा होणे हे त्याचे काम होते. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीला जे सव्वीस जण क्रुसावर चढविले गेले, त्यांत बारा ते चौदा वर्षांचे तीन मुलगे होते. आपण दरवर्षी गोन्सालोचा सण करतो, त्या मुलांचा उल्लेख क्वचित करतो. त्या वयाच्या मुलांना कोणीतरी शिकविले होते, आणि असे शिकविले होते की ती वेळ आल्यावर त्यांनी माघार घेतली नाही. आमच्या तिसरीच्या वर्गावर तशी वेळ येऊ नये. पण वेगळ्या वेळा येतात. महाविद्यालयात मित्र हसतील ती वेळ, नोकरीत खोटी सही मागितली जाईल ती वेळ, आई मरेल ती वेळ. त्या वेळी चोवीस तासांच्या दहा वर्षांतले काय उरलेले असेल, याची मला चिंता आहे.

येथे एक गोष्ट अगदी स्पष्टपणे सांगायला हवी, कारण गरजेच्या घाईत ती विसरली जाते. शिक्षक मिळत नाहीत म्हणून जो येईल त्याला घ्यायचे, हे चालणार नाही. मुलांशी एकांतात राहण्याची संधी शोधणारे लोक जगात आहेत, आणि ख्रिस्तसभेने याबाबत जी डोळेझाक केली तिची किंमत मुलांनी मोजली आहे. २०१२ चा पॉक्सो कायदा आपल्या वर्गांनाही लागू आहे. म्हणून प्रत्येकाची चौकशी होईल, प्रत्येक वर्गात दोन प्रौढ असतील, दार उघडे राहील. एका प्रतिष्ठित गृहस्थांनी हा अविश्वास असल्याची तक्रार केली. मी म्हटले, नियम माझ्यालाही आहे. दोघे असण्याचा आणखी एक लाभ असा की भिणाऱ्या माणसाला त्याचा अहरोन आपोआप मिळतो.

लोक मला विचारतात, मग तुमच्या फिरण्याचा उपयोग काय झाला? सांगतो, पण मोठा चमत्कार ऐकायला मिळेल या आशेने वाचू नये. पावसाळाभर मी त्रेचाळीस घरी गेलो. अकरा जणांनी होकार दिला, चौघे दोन महिन्यांत गळाले. निवृत्त बाई येतात. त्यांच्या शेजारी अभियांत्रिकीला असलेला एक तरुण उभा राहून इंग्रजीत अर्थ सांगतो, आणि त्याचे मराठी सुधारले असे त्याची आई म्हणते. नातू अद्याप हसलेला नाही. केळीवाले गृहस्थ वर्ग घेत नाहीत, ते त्यांनी ठामपणे नाकारले. मात्र महिन्यातून एका रविवारी येऊन एकच गोष्ट सांगतात आणि जाताना मुलांना केळी वाटतात. केळ्यांच्या सालींवरून साफसफाई करणाऱ्या मावशींची माझ्याकडे तक्रार आली आहे. संसार मोडलेल्या त्या भगिनीने तीन वेळा नकार दिला. चौथ्या वेळी मी गेलो नाही, कारण आग्रहाचाही जुलूम होतो. नोव्हेंबरमध्ये त्या आपण होऊन आल्या आणि ‘फक्त हजेरी घेईन’ असे म्हणाल्या. हजेरी घेता घेता मुलांची नावे पाठ झाली, आणि नावे पाठ असलेल्या बाईला मुलेच प्रश्न विचारू लागली.

पाचवीचा वर्ग अजून रिकामा आहे. पुढच्या जूनमध्ये वेदीवरून ती सूचना वाचली जाणार नाही, हे मी येथेच जाहीर करतो. मे महिन्यात, पावसाआधी, मी उरलेल्या घरांकडे निघेन. नोंदवहीतून धर्ममातापित्यांची यादी काढून ठेवली आहे. प्रत्येकाच्या नावापुढे त्यांच्या धर्मपुत्राचे किंवा धर्मकन्येचे नाव आणि इयत्ता लिहिली आहे. कोणाला विचारावयाचे, कोणत्या वर्गासाठी, कोणाच्या जोडीने आणि किती काळासाठी, हे ठरवूनच दार वाजवीन. ‘वेळ नाही’ हे उत्तर मी ऐकून घेईन, आणि चहा संपेपर्यंत थांबेन.